यादीत न दिसणारी मेमरी

पीकविम्याची मुदत जवळ आली की सोनाळ्यातल्या सेवा केंद्रांसमोर सकाळपासून माणसं बसून असतात. सातपुड्याच्या पायथ्याचं, संत सोनाजी महाराजांचं हे गाव, तालुका संग्रामपूर. वरच्या अंगाला अंबाबरवा अभयारण्य. डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांमधूनही कागदपत्रांच्या कामासाठी माणसं इथे उतरतात. सातबारा, आठ-अ, पासबुकाची झेरॉक्स, आधार, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र असं सगळं पिशवीत घालून आलेला माणूस त्या दिवशीचा रोज पाडून आलेला असतो. दिवस डवरणी-फवारणीचे. अशा वेळी केंद्रातला कॉम्प्युटर रेंगाळला तर त्याचा हिशेब सेकंदात होत नाही, बुडालेल्या रोजात होतो.

मी या भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. सोनाळा, टुनकी, बावनबीर, वरवट बकाल, कधी संग्रामपूर. शाळा, पतसंस्था, कृषी केंद्र अशी सगळीकडची कामं येतात, पण जीव अडकतो तो सेवा केंद्रांच्या मशिनींमध्ये. तिथून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, नेट लय स्लो हाय." आणि निम्म्याहून जास्त वेळा नेटचा काही दोष नसतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. मी आधी ब्राउझर पूर्ण बंद करायला लावतो आणि नोटपॅड उघडायला सांगतो. नोटपॅडला इंटरनेट लागत नाही. तो उघडायलाच दहा-बारा सेकंद लागत असतील तर टॉवरवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही, दुखणं मशिनीत आहे. मग त्याच वायफायवर मोबाइल जोडून तेच पोर्टल उघडतो. मोबाइलवर झरझर आणि कॉम्प्युटरवर चक्र फिरतंय, म्हणजे शोधायची जागा आणखी आक्रसली. एवढं पाच मिनिटांत होतं. तरीही लोक आधी नेटचा प्लॅन वाढवतात, मग रॅम घालतात, मग फॉरमॅट मारतात, आणि शेवटी नवीन मशीन घेतात.

आमच्या भागातल्या एका केंद्राची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. साल २०२३. त्या खरिपात राज्यात पीकविमा एक रुपयात झाला. शेतकऱ्याने एक रुपया भरायचा, बाकीचा हिस्सा सरकारचा, आणि केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून. गर्दी किती वाढली असेल ते वेगळं सांगायला नको. या केंद्राचा चालक हुशार पोरगा. जूनमध्येच त्याने तयारी म्हणून चांगला यूपीएस घेतला, कारण आमच्याकडे पावसाळ्यात लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. आणि नेमकं यूपीएस बसवल्यापासून मशीन स्लो झालं.

त्याचं म्हणणं असं: "दादा, आधी लाइन जायची, मशीन बंद पडायचं, पण लाइन आली का मंग कसं पयायचं! आता बंदच पडत नाई त दोन-तीन दिवसात पार बसून जाते. हा यूपीएसच खराब हाय." दुकानदार यूपीएस बदलून द्यायला तयार होता. बदललाही असता, पण फरक पडला नसता.

त्याच्या या बोलण्यात रोगाची सगळी लक्षणं होती. लाइन जाऊन आली की बरं, सलग चालू राहिलं की वाईट. म्हणजे काहीतरी साचत होतं.

टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९३ टक्के भरलेली. मशिनीत ४ जीबी रॅम. आता खालची यादी पाहायची आणि कोण किती खातंय याची बेरीज करायची, ही माझी सवय. ब्राउझर, प्रिंटरचा प्रोग्राम, बोटाच्या ठशाच्या मशिनीची सर्व्हिस, अँटीव्हायरस, विंडोजचं स्वतःचं, सगळं मिळून दीड-पावणेदोन जीबीच्या वर जाईना. मग बाकीची मेमरी गेली कुठे? यादीत तर कुणाच्याच नावावर नाही. बहुतेक माणसं इथेच थांबतात. यादीत सगळ्यात वर ब्राउझर दिसतो, म्हणून तो बंद करतात, थोडं सुटल्यासारखं वाटतं, आणि अर्ध्या तासात पुन्हा तेच.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी निवडली की खाली बारीक अक्षरात ‘नॉन-पेज्ड पूल’ असा एक आकडा असतो. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर स्वतःसाठी जी मेमरी उचलतात आणि जी हार्डडिस्कवर कधीही ढकलता येत नाही, तिचा हा हिशेब. साधारण मशिनीवर तो काहीशे एमबीत असतो. या मशिनीवर तो १.७ जीबी होता. चार जीबीतली पावणेदोन जीबी अशी कायमची अडकली, तर ब्राउझरला राहतं काय? मग विंडोज त्याचं सामान हार्डडिस्कवर टाकू लागते, डिस्कचा दिवा जळतच राहतो, पान उघडायला मिनिट लागतं. तोवर लॉगिनचा ओटीपी मरतो, पोर्टल सेशन संपल्याचं सांगून बाहेर फेकतं, आणि समोर बसलेल्या काकांना दिसतं ते एवढंच, की नेट चालत नाही.

मग मी मुद्दाम एक मोठी पीडीएफ अपलोड करायला लावली आणि त्या आकड्याकडे बघत बसलो. अपलोड सुरू असताना तो चढला. अपलोड संपलं, आकडा उतरला नाही. दुसरी फाइल, पुन्हा तेच. नेटवरून माल गेला-आला की मेमरी घ्यायची आणि परत द्यायची नाही, हे नेटवर्कच्या ड्रायव्हरचं काम असल्याचं तिथे जवळजवळ नक्की झालं. साधा प्रोग्राम असा गळका निघाला तर तो बंद केल्यावर विंडोज त्याच्याकडून सगळी मेमरी काढून घेते. ड्रायव्हरच्या बाबतीत ती सोय नाही. तो गाभ्याच्या आत राहतो, आणि मशीन खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होईपर्यंत घेतलेलं सोडत नाही.

खऱ्या अर्थाने असं का म्हणतो? कारण पोरगा रोज रात्री मशीन बंद करायचाच. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असली की शटडाउन म्हटल्यावर गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तसेच उचलले जातात. सुरू व्हायला वेळ कमी लागतो, पण कालचा भार आज पुढे येतो. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही, तिथे सगळं कोरं सुरू होतं. आणि लाइन अचानक गेली की लिहून ठेवायला वेळच मिळत नाही, त्यामुळे पुढची सुरुवातही कोरी. यूपीएस येण्याआधी महावितरणची लाइन दर दोन दिवसांनी त्याचं मशीन साफ करून देत होती. यूपीएसने ते थांबवलं, आणि मग गळती साचायला मोकळीक मिळाली.

आता कोणता ड्रायव्हर, ते शोधायचं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच पूलमॉन नावाचं छोटं साधन आहे. प्रत्येक ड्रायव्हर मेमरी उचलताना तिच्यावर चार अक्षरांची खूण ठेवतो, आणि कोणत्या खुणेवर किती मेमरी अडकली आहे ते पूलमॉन उतरत्या क्रमाने दाखवतो. वरची खूण टिपायची आणि ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या फाइलींमध्ये ती अक्षरं कुठे सापडतात ते शोधायचं. दिवसा रांग असताना हे करणं शक्य नव्हतं. संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर बसलो. खूण निघाली ती मदरबोर्डसोबत आलेल्या नेटवर्कच्या एका जादा प्रोग्रामची. ऑनलाइन गेम खेळणाऱ्याच्या गेमला आधी वाट मिळावी, बाकीच्यांना मागे ठेवावं, म्हणून नेटवरच्या प्रत्येक पाकिटाची तपासणी करणारा हा प्रोग्राम. आमच्याकडच्या सेवा केंद्रात गेम कोण खेळतंय? पण मशीन जोडून देणाऱ्याने सोबतच्या सीडीतलं ‘सगळं इन्स्टॉल करा’ दाबलं होतं, आणि तेव्हापासून हा मधे बसून होता.

काढण्याचीही एक रीत आहे, आणि ती पाळली नाही तर माणूस फसतो. नेटवर्कचा ड्रायव्हर काढला की नेट जातं, आणि नवीन ड्रायव्हर आणायला नेटच लागतं. म्हणून आधी कार्डाची ओळख काढायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या तपशिलात हार्डवेअर आयडी असतो, त्यात चार अक्षरांचा कंपनीचा कोड आणि चार अक्षरांचा चिपचा कोड. त्यावरून चिप बनवणाऱ्याच्या जागेवरून साधा, निव्वळ ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवायचा. रीस्टोर पॉइंट घ्यायचा. मग तो जादा प्रोग्राम कंट्रोल पॅनलमधून काढायचा, रीस्टार्ट, त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड काढताना ‘ड्रायव्हरची फाइलही पुसा’ या चौकटीवर खूण करायची. नाहीतर विंडोज तोच जुना पुन्हा उचलून बसवते. मग पेनड्राइव्हवरचा साधा ड्रायव्हर. त्या रात्री हे सगळं झाल्यावर आम्ही पुन्हा फाइली चढवत बसलो. पूलचा आकडा दीडशे-पावणेदोनशेच्या मधे हलत राहिला, चढला की उतरायचाही. पोरगा म्हणाला, "म्हंजे यूपीएस वापस नाई करायचा?" यूपीएस आजही तिथेच आहे.

नंतर २२ जुलै उजाडला. त्या दिवशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो पाऊस झाला तो इथल्या माणसांच्या कायमचा लक्षात राहील. नदीनाले पात्र सोडून शेतात शिरले, पेरलेली पिकं मातीसकट खरडून गेली. विम्याचा तेव्हाचा नियम असा होता की अशा नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत द्यायची. ती ॲपवरून देता यायची, फोनवरून देता यायची, पण सर्व्हे नंबर, पॉलिसीचा क्रमांक, पिकाचं नाव, फोटो हे सगळं ज्याला एकट्याला जमायचं नाही तो माणूस चिखलाच्या पायांनी केंद्रातच यायचा. ज्यांचे अर्ज तोवर भरले नव्हते त्यांची वेगळी घाई. मुदत ३१ जुलैची होती, पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढली. ७२ तासांच्या खिडकीत मशीन दुपारी बसून गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला तेव्हाही आला आणि आजही येतो. गळक्या ड्रायव्हरचा प्रश्न हौशी माणसाच्या वेगाचा प्रश्न आहे, असं मी म्हणूच शकत नाही.

म्हणून फॉरमॅटवर माझा राग आहे. आमच्या धंद्यात फॉरमॅट हा सगळ्यात सोपा इलाज आणि गिऱ्हाइकालाही तो आवडतो, कारण मशीन त्या दिवशी नव्यासारखं चालतं. पण कारण न शोधता फॉरमॅट मारला आणि त्याच सीडीतून तेच सगळं पुन्हा टाकलं, तर महिन्याभरात तक्रार दारात उभी. मधल्या काळात गिऱ्हाइकाचा डिजिटल सहीचा टोकन, ठशाच्या मशिनीची नोंदणी, प्रिंटरची सेटिंग हे सगळं पुन्हा बसवायला लागतं ते वेगळंच. फॉरमॅटपेक्षाही वाईट म्हणजे ‘एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट’ करून देण्याचं आमिष दाखवणारे फुकटचे प्रोग्राम. ते ज्या मशिनीत सापडतात तिथून मी ते पहिल्यांदा काढतो. चालू असलेला ड्रायव्हर केवळ जुना आहे म्हणून बदलू नये. बदलायला कारण लागतं.

ड्रायव्हरच्या दुखण्यात नाव आणि गुन्हेगार वेगळे असू शकतात, हेही सांगायला हवं. वायफायच्या छोट्या यूएसबी डोंगलवर चालणारं एक मशीन होतं. टायपिंग करताना अक्षरं अडखळायची, आवाज तुटायचा. मेमरी व्यवस्थित, पण सिस्टिम इंटरप्ट्स या नोंदीवर प्रोसेसरचा पंचवीस टक्के वेळ. लेटन्सीमॉन नावाचं साधन चालवलं तर सगळ्यात वर नाव आलं एनडिस डॉट सिसचं. आधीच्या कारागिराने तेच वाचून विंडोज खराब आहे असं सांगितलं होतं. एनडिस म्हणजे नेटवर्क कार्ड आणि विंडोज यांच्यामधली ठरलेली पद्धत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी ती मिळून तयार केली, आणि आजही विंडोजमध्ये नेटवर्कची पाकिटं तिच्यातूनच जातात. तहसिलात प्रकरण कुठेही अडलेलं असो, आवक-जावक रजिस्टरला नोंद बारनिशीच्याच टेबलावरची सापडते, तसं हे आहे. खरा दोष डोंगलच्या ड्रायव्हरचा. वीज वाचवण्यासाठी विंडोज ते डोंगल झोपवायची आणि तो ड्रायव्हर ते जागं करताना प्रोसेसरला धरून ठेवायचा. डिव्हाइस मॅनेजरमधली वीज वाचवण्याची खूण काढली, ड्रायव्हर चिपच्या कंपनीचा टाकला, अक्षरं पळायला लागली.

एनडिसच्या याच पद्धतीत विंडोज व्हिस्टाच्या वेळी हलक्या गाळण्या बसवण्याची सोय आली. अँटीव्हायरस, व्हीपीएन, पालकांसाठीचं नियंत्रण, व्हर्च्युअल मशीन, सगळे आपली गाळणी या वाटेत लावतात. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जी टिक मारलेल्या नावांची यादी दिसते, तिच्यात त्या गाळण्या दिसतात. आमच्याकडच्या मशिनींमध्ये मुदत संपलेल्या, कधीच काढून टाकलेल्या दोन-दोन अँटीव्हायरसच्या गाळण्या तशाच राहिलेल्या मी बघतो. प्रोग्राम गेला, गाळणी राहिली. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं साफ करण्याचं साधन असतं, ते चालवल्याशिवाय त्या जात नाहीत.

ठशाच्या मशिनीचं प्रकरण याला लागूनच. आधारचा ठसा घेणाऱ्या उपकरणाची आरडी सर्व्हिस पाठीमागे चालू असते आणि ती कॉम्प्युटरच्या आतल्याच आत, ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी एकावर कान लावून बसते. वेबपेज एकेक पोर्ट ठोठावत तिला शोधतं. केंद्रचालकाने उपकरण बदललं, जुन्या एल-झिरो प्रकाराचं जाऊन नव्या एल-वन प्रकाराचं आलं, पण जुन्याची सर्व्हिस काढलीच नाही, तर पेज आधी जुन्या सर्व्हिसशी बोलत बसतं, तिच्याकडे उपकरणच नसतं, आणि सगळा वेळ तिथे जातो. समोर कापूस वेचून बोटं झिजलेली मावशी चौथ्यांदा बोट पुसते आणि विचारते, "माह्या बोटाचंच काई बिघडलं का बावा?" तिच्या बोटांवर ठसे पुसट असतातच, तो खरा प्रश्न आहे. पण त्यात आपल्या मशिनीची चूक तिच्या माथी मारली जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

गाभ्यात बसलेल्या गोष्टी किती जपून हाताळायला हव्यात याचा दाखला १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या वापरतात, आमच्या केंद्रांना त्याची झळ लागली नाही. पण तेव्हा इकडेही विम्याचेच दिवस होते, आणि मी चालकांना एकच सांगत होतो: मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ड्रायव्हरला हात लावू नका, काय करायचं ते आधी करा.

आता नवा हंगाम वेगळाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि जुन्या मशिनींवर कशीबशी ११ चढवण्याची घाई सुरू झाली. जुनी डोंगल, जुनी कार्डं, त्यांचे विंडोज ७ च्या काळातले ड्रायव्हर तसेच ओढून नेले जातात, आणि मग "अकरा टाकलं तेव्हापासून स्लो" अशी तक्रार येते. अशा प्रत्येक मशिनीत मी फास्ट स्टार्टअप बंद करतो, कार्डाचा साधा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालून तो पेनड्राइव्ह केंद्रातच ठेवायला देतो, आणि चालकाला नॉन-पेज्ड पूलचा आकडा कुठे असतो ते दाखवतो. सकाळी केंद्र उघडल्यावर एकदा आणि दुपारच्या जेवणाआधी एकदा तो आकडा अर्जांच्या रजिस्टरच्या समासात लिहायचा. दोन्ही आकडे जवळपास असतील तर काम चालू द्यायचं. दुपारचा दुप्पट झाला असेल तर रांगेतल्या माणसांना सांगून रीस्टार्ट घ्यायचा, शटडाउन नाही, आणि संध्याकाळी मला फोन करायचा. यूपीएसवाला पोरगा आता टुनकी-बावनबीरच्या चालकांना हे स्वतःच शिकवतो, आणि माझ्याकडे फोन येतो तो आकड्यासकट येतो.